फोल्डर आहे, पण सापडंना: घरच्या कॉम्प्युटरवर नावानं शोधताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. "अरे, वंशावळीचं फोल्डर सापडंना झालंय. दोन तास झाले शोधायलोय. सकाळी तहसीलला जायचंय."

काका गावी, जिंतूर तालुक्यात. मी परभणीत. गावचा कॉम्प्युटर माझाच जुना. त्यात घरातले सगळे कागद स्कॅन करून ठेवलेत: सातबारा, आठ-अ, फेरफार, आजोबांच्या वेळच्या १९५४-५५ च्या खासरा पाहणीच्या नकला, पीक विम्याच्या पावत्या आणि वारस नोंदीसाठी केलेली वंशावळ. काकांनी शोधपेटीत 'वंशावळ' लिहून बघितलं होतं, 'वंशावळी' लिहून बघितलं होतं, इंग्रजी अक्षरांतही बघितलं होतं. काहीच येत नव्हतं. "डिलीट झालं असंल का रे?" असं विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला.

फोल्डर डिलीट झालं नव्हतं. डी ड्राइव्ह उघडला की समोरच होतं. तरी ते आम्हाला का दिसलं नाही, ते पुढं येईल.

आमच्या घरात ही अडचण दर दोन-तीन महिन्यांनी येते. म्हणून मी दोन्हीकडच्या कॉम्प्युटरजवळ एकेक वही ठेवलीय. फोल्डर हरवलं की तारीख, कोणत्या नावानं शोधलं आणि शेवटी कुठं, कोणत्या नावानं सापडलं, एवढं त्यात लिहायचं. त्या वह्या चाळल्या की दिसतं, खरोखर गेलेलं फोल्डर फार क्वचित. बहुतेक वेळा ते जागेवरच असतं, आपण ज्या नावानं हाक मारतो ते नाव मात्र त्याचं नसतं. घरात चार माणसं कॉम्प्युटर वापरतात आणि चौघांची लिहायची तऱ्हा वेगळी. कॉम्प्युटर अर्थ बघत नाही, अक्षरं बघतो.

हे सगळं विंडोज १० आणि ११ ला धरून लिहितोय. जिथं कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं दाबायची आहेत तिथं ती एकेक करून सांगतो, जशी काकांना फोनवर सांगितली तशी.

घाबरून काही करू नका

फोल्डर दिसत नाही म्हटल्यावर घरातलं कुणीतरी कॉम्प्युटर साफ करणारं सॉफ्टवेअर चालवतं, कुणी म्हणतं विंडोज मारून, म्हणजे नव्यानं टाकून, बघू. दोन्ही नको. फोल्डर चुकून डिलीट झालेलं असलं तर त्याची मोकळी झालेली जागा नव्या फायली बळकावतात, आणि मग परत आणणं अवघड होतं. आधी रीसायकल बिन उघडून बघा. तिथं असलं तर त्यावर माउसची उजवी कळ दाबून 'रिस्टोअर' करा, ते मूळ जागी जातं. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं मात्र सहसा रीसायकल बिनमध्ये येत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

तुम्ही कुठं उभं राहून शोधताय?

फाइल एक्स्प्लोररची उजवीकडची शोधपेटी तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथून खालचंच बघते. काका 'डाउनलोड्स' उघडून बसले होते आणि तिथून वंशावळ शोधत होते. शेजारच्या आळीत हाक मारली तर आपल्या घरातला माणूस ओ देणार नाही. म्हणून आधी डावीकडं 'धिस पीसी' दाबा, मग डी ड्राइव्ह उघडा आणि मग शोधा. विंडोज ११ मध्ये एक्स्प्लोरर उघडला की 'होम' येतं, १० मध्ये 'क्विक ॲक्सेस' येतं. या दोन्हींवर थांबून शोधू नका. शोध सुरू केल्यावर वर 'सर्च ऑप्शन्स' दिसतं, त्यात 'ऑल सबफोल्डर्स'वर खूण आहे का ते बघून घ्या. कुणी 'करंट फोल्डर' निवडून ठेवलं असेल तर शोध आतल्या फोल्डरांमध्ये उतरतच नाही.

वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत असेल तर शोध अजून चालू आहे. जुन्या हार्ड डिस्कवर याला चांगली पाच-दहा मिनिटं लागू शकतात. आमच्याकडं बऱ्याचदा 'नाही सापडलं' असं रेघ अर्ध्यात असतानाच ठरवलेलं असतं.

हजारो फायलींच्या गर्दीत फोल्डर दडून जातं. तेव्हा फक्त फोल्डर दाखव असं सांगता येतं. शोधपेटीत के, आय, एन, डी, मग कोलन, मग एफ, ओ, एल, डी, ई, आर असं लिहा. त्यापुढं एक जागा सोडून नाव. फोटो, पावत्या, पीडीएफ सगळे गळतात आणि यादीत फोल्डर तेवढे उरतात. ही एक गोष्ट कळल्यावर काकांचा निम्मा त्रास संपला.

खरं दुखणं नावात आहे

सातबाऱ्याचंच घ्या. कागदावर आपण ७/१२ लिहितो. पण ही तिरकी रेघ विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात चालत नाही. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठ्याची दोन चिन्हं आणि उभी रेघ अशी ९ चिन्हं नावात घेतच नाही. मग ज्यानं-त्यानं आपापली वाट काढली. वडिलांनी मधी आडवी रेघ टाकली, वहिनींनी खालची रेघ टाकली, पुतण्यानं तिन्ही आकडे जोडून टाकले, मी 'सातबारा' असं अक्षरी लिहिलं. त्यात वडिलांचे आकडे मराठी, पुतण्याचे इंग्रजी. आपल्याला ७ म्हणजे सातच, मग तो कोणत्याही लिपीत असो. कॉम्प्युटरच्या लेखी मराठी सात आणि इंग्रजी सात ही दोन निराळी अक्षरं आहेत. एका सातबाऱ्याची अशी चार-पाच नावं एकाच डी ड्राइव्हवर नांदतात, आणि शोधताना आपण त्यातलं एकच लिहितो.

दुसरी गोष्ट मराठीच्या स्वभावातली. आपली भाषा शब्दाला प्रत्यय लावते आणि लावताना मूळ शब्दच हलवते. 'जमीन' असं फोल्डर असलं तर ते 'जमीन' लिहून सापडेल. पण कुणी 'जमिनीचे कागद' असं नाव दिलं असेल तर दीर्घ मी जाऊन ऱ्हस्व मि आलेला असतो, आणि 'जमीन' शोधून ते येत नाही. 'विहीर' आणि 'विहिरीचे अनुदान' यांची तीच गत. 'पीक' आणि 'पिकाचा पंचनामा' यांचीही. त्यावर पुन्हा शुद्धलेखनाची भर. पीक विम्याचा 'पी' ऱ्हस्व लिहिणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत, आणि 'पीक विमा' हे कुणी तोडून लिहितं, कुणी जोडून.

यावर मी एक साधी सवय लावून घेतली. शब्दाचा जो तुकडा कुणीही लिहिला तरी सारखाच लिहिला जाईल तेवढाच शोधायचा. 'पीक विमा' नाही, नुसतं 'विमा'. 'जमीन' नाही, नुसतं 'जम'. 'विहीर' नाही, 'विह'. तुकडा लहान घेतला की चार फालतू नावं जास्त येतात, पण पाहिजे ते निसटत नाही. आणि तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तारा टाका, आठाच्या कळीवर शिफ्टसह असतो तो. विंडोजनं ज्या जागांतल्या फायलींच्या नावांची आधीच सूची (इंडेक्स) करून ठेवलेली असते तिथं शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवला जातो. त्यामुळं 'पीकविमा' असं जोडून लिहिलेलं असलं तर नुसत्या 'विमा'नं हाती लागत नाही, तारे लावले की लागतं.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी नावं हा तर आणखी मोठा गुंता. वंशावळीचा 'व' कुणी व्हीनं लिहितं, कुणी डब्ल्यूनं. 'ळ' साठी कुणी एल, कुणी दोन एल. 'आ' साठी एक ए की दोन? 'खासरा' लिहिताना मधला ए ठेवायचा की गाळायचा? या शब्दांचं ठरलेलं इंग्रजी स्पेलिंग नसतंच, म्हणून प्रत्येक जण कानाला आलं तसं लिहितो. इथंही तुकड्याचीच युक्ती चालते. वंशावळीसाठी मी फक्त ए, एन, एस, एच ही मधली चार अक्षरं घेतो आणि दोन्हीकडं तारे लावतो. व्ही असो की डब्ल्यू, 'न्श' तर सगळेच तसा लिहितात.

आता डोळ्यांना न दिसणारा फरक. 'शेतकऱ्याचे' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत त्यासाठी वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्या तऱ्हेत साध्या र ला हलंत लावून पुढं एक अदृश्य जोडचिन्ह बसवतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. 'ॲफिडेव्हिट' मधला ॲ असाच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या आणि काही आताच्या कीबोर्डांवर तो अ ला अर्धचंद्र जोडून होतो, आणि कुणी ए वर चंद्र देऊन 'ऍ' लिहितं. मोबाईलवर टाईप केलेलं नाव आणि कॉम्प्युटरवर टाईप केलेलं नाव यात हा फरक सर्रास येतो. डोळ्याला तेच दिसत असूनही सापडत नसेल, तर अशी अक्षरं सोडून द्या. ॲफिडेव्हिटसाठी 'फिडे' शोधा, शेतकऱ्यासाठी 'शेतक'.

आणि आता काकांच्या फोल्डराकडं येतो.

वंशावळ काकांनी तालुक्याच्या गावी एका टायपिंगवाल्याकडून करून घेतली होती. त्यानं मजकूर कृतीदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केला आणि कागदांचं फोल्डर काकांच्या पेन ड्राइव्हवर दिलं. वर्षानुवर्षांचा बसलेला हात. त्यानं फोल्डरला नाव देतानाही त्याच सवयीनं बोटं चालवली. पण कृतीदेव हा नुसता मुखवटा आहे. त्यात 'राम' टाईप केलं तर कॉम्प्युटर साठवतो जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. वर्डमध्ये तो फॉन्ट लावलेला असतो म्हणून आपल्याला राम दिसतो. फोल्डरच्या नावाला असा फॉन्ट लावता येत नाही, तिथं उघडी इंग्रजी अक्षरं दिसतात. डी ड्राइव्हवर ओ, ए, एक अवतरणचिन्ह, दोन के, पुन्हा ओ आणि शेवटी मोठा जी, असं कसलंतरी नाव होतं. काकांनी ते दहा वेळा पाहिलं होतं. "ते कायतरी व्हायरसचं असंल म्हणून हात लावला नाही," असं म्हणाले. तीच वंशावळ होती.

ओळखायची रीत सोपी आहे. असं विचित्र नाव दिसलं की त्यावर एफ २ दाबा, कंट्रोल-सी नं नाव उचला, एस्केप दाबून बाहेर या. वर्डमध्ये चिकटवा आणि त्याला कृतीदेव फॉन्ट लावा. मराठी वाचता आलं तर झालं. नाही आलं तर श्रीलिपीचा किंवा आयएसएमचा एखादा फॉन्ट लावून बघा. जुन्या टायपिंगच्या कामात हेच जास्त आढळतात, आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी असते. उलटही करता येतं. वर्डमध्ये कृतीदेव लावून 'वंशावळ' टाईप करा, मग फॉन्ट बदलून साधा एरियल करा. जी इंग्रजी अक्षरं दिसतील ती शोधपेटीत टाका.

एक बारकावा आहे. कृतीदेवमध्ये 'घ' चा पहिला भाग प्रश्नचिन्हाच्या कळीवर आणि 'ध' चा पहिला भाग तिरक्या रेघेच्या कळीवर आहे. ही दोन्ही चिन्हं फोल्डरच्या नावात घेत नाहीत. म्हणजे कुणी 'घरपट्टी' लिहायला गेलं की घ अर्धाच उमटतो, बाकीचं नाव पुढं जातं. त्यामुळं फॉन्ट लावूनही पहिलं अक्षर तुटकं दिसलं तर गोंधळू नका, उरलेल्या शब्दावरून ओळखा.

डी ड्राइव्ह सूचीत असतो का?

आपल्या सगळ्यांना एकच शिकवलेलं असतं, की सी मध्ये काही ठेवू नका, विंडोज मारली की जातं, सगळं डी मध्ये ठेवा. सल्ला खरा आहे. पण विंडोज मुळात ज्या जागांची सूची करून ठेवतं, त्या म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक असल्या ठरावीक जागा आणि डेस्कटॉप. डी ड्राइव्ह त्यात नसतो. स्टार्टच्या शोधपेटीत नाव टाकलं की ती या सूचीत बघते आणि 'नाही' सांगून मोकळी होते. फोल्डर डीमध्ये सुखरूप असतं.

स्टार्ट दाबून 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' लिहा. उघडलेल्या खिडकीत 'मॉडिफाय' दाबा, डी ड्राइव्हच्या पुढचा बाण उघडा आणि ज्या फोल्डरमध्ये घरचे कागद आहेत तेवढ्यावर खूण करा. सेटिंग्जमध्ये 'एन्हान्स्ड' नावाचा पर्याय आहे, तो अख्ख्या कॉम्प्युटरची सूची करतो. जुन्या, कमी रॅमच्या कॉम्प्युटरवर मी तो लावत नाही. कागदांचं एकच मोठं फोल्डर असेल तर तेवढंच पुरतं आणि कॉम्प्युटरही दमत नाही.

हे करून दिलं तरी महिन्याभरानं काका म्हणाले, "पुन्हा तेच झालंय." आणि इथं आपल्या भागाची खास अडचण आहे. सूची तयार व्हायला वेळ लागतो. तुम्ही कॉम्प्युटरवर काम करत असाल तर विंडोज हे काम मुद्दाम हळू करतं, त्याच खिडकीत तसं लिहूनही येतं. लॅपटॉप बॅटरीवर असेल तरी हात आखडता घेतं. आता गावचा दिवस बघा. लाईट येते-जाते, डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाला तर आठ-आठ दिवस पत्ता नाही. कॉम्प्युटर लावला जातो तो कामापुरता, अर्धा तास. काम झालं की बंद. तेवढ्यात तर तो वापरातच असतो. सूची कधी पुरी होतच नाही. त्यात चालू कॉम्प्युटर लाईट जाऊन धाडकन बंद पडला तर अर्धवट लिहिलेली सूची बिघडू शकते, आणि मग कालपर्यंत सापडणारं फोल्डरही आज सापडत नाही.

म्हणून इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या खिडकीत वर 'इंडेक्सिंग कम्प्लीट' असं आलंय का ते आधी वाचा. आलं नसेल तर लाईट टिकेल असा एक दिवस किंवा रात्र बघून कॉम्प्युटर नुसता चालू ठेवा, हात लावू नका, आणि पॉवर सेटिंगमध्ये आपोआप झोपायची वेळ 'नेव्हर' करा. आलेलं असूनही सापडत नसेल तर 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'रीबिल्ड' दाबा. वहिनींना या बटणाची भीती वाटायची, म्हणून स्पष्ट लिहितो. रीबिल्डनं तुमची एकही फाइल जात नाही. जुनी सूची फाडून नवी लिहिली जाते, एवढंच. पण ती पुरी होईपर्यंत शोध आणखी अधुरा राहतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी तहसीलला जायचं असताना रात्री रीबिल्ड दाबू नका.

खिडकीत इंडेक्सिंग चालूच नाही असं दिसलं, तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' लिहून उघडा, यादीत 'विंडोज सर्च' शोधा. ती थांबलेली असेल तर उजवी कळ दाबून 'स्टार्ट' करा, आणि प्रॉपर्टीजमध्ये 'डिसेबल्ड' असेल तर 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' निवडा. कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणून कुणी ही सेवा बंद करून गेलेलं असतं.

सूचीची वाट बघायला वेळ नसेल तर

माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचं साधन 'एव्हरीथिंग' आहे. वॉइडटूल्सचं, फुकट, लहानसं. ते फायलींच्या आतला मजकूर वाचत बसत नाही. डिस्कवर विंडोजनं स्वतःच सगळ्या फायली-फोल्डरांच्या नावांचं एक मोठं खातं ठेवलेलं असतं, ते सरळ उचलतं. म्हणून काही सेकंदांत सगळ्या डिस्कची नावं समोर येतात आणि लाईट जाण्याच्या आत काम होतं. त्यात आधी एफ, ओ, एल, डी, ई, आर आणि कोलन लिहिलं की फक्त फोल्डर दिसतात. इथं शब्दाच्या मधलं अक्षरही तारा न लावता जुळतं, आणि लपवलेली फोल्डरंही दिसतात. ते खातं एनटीएफएस प्रकारच्या डिस्कवरच असतं. पेन ड्राइव्ह बहुधा वेगळ्या प्रकारचे असतात, ते त्याच्या ऑप्शन्समध्ये जाऊन वेगळे जोडावे लागतात. उतरवून घेताना वॉइडटूल्सच्याच वेबसाइटवरून घ्या, दुसरीकडून नको.

नवीन काही टाकायचं नसेल, तर विंडोजमध्ये असलेली काळी खिडकीही चालते. स्टार्टमध्ये सी, एम, डी लिहा, एंटर. मग डी, आय, आर; एक जागा; डी, कोलन, एंटरच्या वरची उलटी तिरकी रेघ, तारा, ए, एन, एस, एच, तारा; एक जागा; तिरकी रेघ आणि एस; एक जागा; तिरकी रेघ आणि बी; एक जागा; तिरकी रेघ आणि ए, डी. एंटर. यातला एस म्हणजे आतपर्यंत उतर, बी म्हणजे फक्त पत्ता दे, ए-डी म्हणजे फोल्डरच दाखव. सूचीशी याचा काही संबंध नाही, ते थेट डिस्क तपासतं. पण या खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही, बऱ्याचदा चौकोन दिसतात, तेव्हा इंग्रजी अक्षरांतल्या नावांसाठीच वापरा. काकांना फोनवर हे सांगताना आम्ही तीन वेळा चुकलो, चौथ्यांदा जमलं. त्या यादीत वंशावळ नव्हती, आणि तेव्हाच मला कृतीदेवची आठवण झाली.

पेन ड्राइव्हवरचं फोल्डर लपलेलं असेल तर

झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात पेन ड्राइव्ह लावून आणला आणि घरी उघडला तर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. हा जुनाच व्हायरस आहे. तो खरी फोल्डरं डिलीट करत नाही, लपवतो, आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट ठेवतो. त्या शॉर्टकटवर दोनदा दाबू नका, तो त्यानंच आपल्या कॉम्प्युटरवर येतो. आधी अँटिव्हायरसनं पेन ड्राइव्ह तपासा. नंतर एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'हिडन आयटम्स' वर खूण करा. तेवढ्यानं बहुधा दिसत नाही, कारण व्हायरस त्या फोल्डरांवर सिस्टीमचाही शिक्का मारतो. 'फोल्डर ऑप्शन्स' च्या 'व्ह्यू' मध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' ही खूण काढली की दिसतात. आतलं सामान दुसऱ्या नव्या फोल्डरमध्ये उचलून घ्या, आणि मग ती खूण परत लावून टाका. ती काढलेली राहिली तर उद्या कुणीतरी विंडोजचीच फाइल नको ती म्हणून उडवेल.

फोल्डरनं जागा बदलली असेल तर

माउसनं ओढताना हात सुटला की एक फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जातं. हे मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातून फार होतं. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेड. नंतर लक्षात आलं तर वरच्या रीतीनं अख्ख्या ड्राइव्हवर शोधा, नाव तर तेच असतं.

डेस्कटॉपवरचं गायब झालं आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर सी ड्राइव्हमधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये वनड्राइव्ह, त्यात डेस्कटॉप, असं जाऊन बघा. बॅकअप सुरू केल्यावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा पत्ता तिकडं हलतो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं पुष्कळ घरांत ११ चढवलं गेलं. चढवताना जुनं सामान सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जातं. त्यात 'युजर्स', त्यात जुनं नाव, तिथं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स मिळू शकतात. पण हे फोल्डर विंडोज १० दिवसांनी आपणहून काढून टाकतं. काही दिसत नसेल तर याच जागेची आधी घाई करा, बाकीचं नंतर.

आम्ही घरात काय ठरवलं

सगळ्यांनी युनिकोड मराठीच लिहावं असं मला वाटायचं. ते जमलं नाही. वडिलांना मराठी पाहिजे, पुतण्याला इंग्रजी. शेवटी दोन्ही ठेवली. प्रत्येक फोल्डरच्या नावात आधी साल, मग मराठी शब्द मूळ रूपात, प्रत्यय न लावता, आणि पुढं तोच शब्द इंग्रजी अक्षरांत. आकडे सगळे इंग्रजी. 'जमिनीचे कागद' नाही, 'जमीन कागद'. सातबारा अक्षरी. व साठी व्ही, दोन ए कुठंच नाहीत. हे एका कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवलंय. बाहेरून करून आणलेलं कुठलंही फोल्डर पेन ड्राइव्हवरून आणलं, की उघडायच्या आधी नाव बदलायचं, हे वहिनी बघतात. मराठी टायपिंगसाठी विंडोजमधलाच 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड सगळ्यांना लावून दिलाय. तो २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की भाषा बदलते. एकाच कीबोर्डवरून लिहिलं की अर्ध्या र चे आणि ॲ चे दोन-दोन प्रकार होत नाहीत.

जुनी नावं बदलताना मी आधी त्या फोल्डरच्या आत एक साधी टेक्स्ट फाइल करून तिच्यात जुनं नाव लिहून ठेवतो. चालू प्रकरणातल्या फोल्डराला हात लावत नाही, कारण काकांना त्याची जागा आणि रूप डोळ्यांनी पाठ असतं. वंशावळीचंही नाव अजून बदललेलं नाही. वारस नोंद झाली की बदलू, असं काकांनी सांगितलंय. गावच्या डी ड्राइव्हवर तसली विचित्र नावाची अजून तीन फोल्डरं आहेत. एक 'मोजणी' निघालं. दोन अजून कुठल्याच फॉन्टमध्ये वाचता येत नाहीत, दिवाळीत गेलो की आतली पानं उघडून बघणार आहे.